आवाज पुसलात, मग उरलं ते कुणाचं?

मराठी गाण्यांचे हक्क बाळगणाऱ्या म्युझिक कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळी,

स. न. वि. वि.

मी बेस गिटार, म्हणजे खर्जातले सूर वाजवणारी गिटार, वाजवतो. खरं तर वाजवायचो म्हणायला हवं, कारण डाव्या हाताची करंगळी आता तारेवर नीट दाबली जात नाही. वय सहासष्ट, मुक्काम गिरगाव. माझं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. त्यात तुमचा दोष नाही, ते कुठे छापलेलंच नाही. माझं वाजवणं मात्र तुमच्यापैकी दोघा-तिघांच्या दुकानात आजही रोज विकलं जातं.

पत्राचं निमित्त साधंच आहे. आमच्या चाळीच्या गणपतीत यंदा पोरांनी गाण्याची स्पर्धा ठेवली होती. दुसऱ्या माळ्यावरच्या एका मुलीने मोबाइलवर कराओके लावून जुनं कोळीगीत म्हटलं. सुरुवातीचा ॲकॉर्डियनचा तुकडा वाजला तेव्हाच मला शंका आली. मग मी गाणं ऐकणं सोडून दुसऱ्या अंतऱ्याची वाट बघत बसलो. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी बेस अर्धी मात्रा आधी पडतो. तो पडला. तो मीच.

1989 सालची गोष्ट. मे महिना, दादरमधला एक स्टुडिओ, आणि एका दिवसात कॅसेटची आठ गाणी उरकायची होती. जागा एवढी तोकडी की ढोलकीवाले मामा दाराला पाठ लावून बसले होते, आणि कुणाला बाहेर जायचं झालं की त्यांना ढोलकीसकट उठावं लागायचं. ॲकॉर्डियनवाल्याच्या भात्याला चीर गेली होती. ती त्याने इलेक्ट्रिशियनच्या लाल टेपने चिकटवून आणली होती, तरी भाता उघडताना बारीक फुस्स व्हायचं. पाचव्या गाण्यापर्यंत दुपार झाली, एसी बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. दुसऱ्या अंतऱ्याला मी घाई केली. मी मान वर करून ॲरेंजरकडे, म्हणजे कुणी काय वाजवायचं ते लिहून देणाऱ्याकडे, बघितलं. त्यांनी हातानेच ‘चालू दे’ म्हटलं, आणि टेक संपल्यावर म्हणाले, “राहू दे, बरं लागलंय. होडी हलल्यासारखं.” पुन्हा घ्यायला वेळही नव्हता म्हणा.

स्पर्धा संपल्यावर त्या मुलीकडून मी मोबाइल मागून घेतला. माझा चष्मा घरी होता, म्हणून तिलाच वाचायला लावलं. गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव, कंपनीचं नाव. खाली लिहिलेलं, ‘कराओके’. मी तिला म्हटलं, बाळा, यात गायिका आहे का? ती म्हणाली, “नाही काका, आवाज काढलाय ना.” मग म्हटलं, यात कोण आहे? तिने खालीवर सरकवून पाहिलं आणि म्हणाली, “नुसतं म्युझिक आहे.”

म्हणजे बघा. जिचा आवाज तुम्ही त्या गाण्यातून पुसून काढलात तिचं नाव ठेवलंत, आणि ज्या बारा जणांचं वाजवणं तेवढं शिल्लक राहिलं त्यांच्यातलं एकही नाव तिथे नाही. भात्याची फुस्ससुद्धा स्पष्ट ऐकू येते. गायिकेबद्दल माझ्या मनात काही नाही. बाई जिवंत आहेत, गोड आहेत, त्यांनाही या कराओकेचे किती मिळाले देव जाणे.

तुम्ही म्हणाल, साथीचे वादक ते. त्यांचं काय एवढं?

आता ‘साथीचं’ म्हणजे काय ते सांगतो, कारण हे हिशेबाच्या खात्यातल्या माणसाला कुणी सांगत नाही. ढोलकीची डावी बाजू आणि बेस, दोन्ही एकाच खर्जात राहतात. दोघं एकदम बोलले की गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं. म्हणून लावणीत मी सम मामांना सोडून द्यायचो आणि त्यांचा ठोका विरता विरता खालून यायचो. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. पहिल्याच रेकॉर्डिंगला मामांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, “माझ्या समेवर पाय द्यायचा नाही.” कोळीगीतात उलट. तिथे बेसने पुढे राहायचं, कारण वल्ह्याची ओढ त्याच्यात असते, आणि साइड ऱ्हिदमवाला मागून खुळखुळ्याने मोकळी जागा भरतो. ॲकॉर्डियनने गायिकेच्या ओळी संपतात तिथेच तोंड उघडायचं, मध्ये नाही. गिटारवाल्याने वरच्या चार तारांवर कॉर्ड ठेवायचे, खालच्या दोन माझ्यासाठी मोकळ्या सोडायच्या. कुणी कुठे गप्प बसायचं याचीच वाटणी होती ती. ॲरेंजर कागदावर लिहून देत, पण अर्धं आम्ही तिथल्या तिथे ठरवत होतो. गोव्याची मंडळी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, पाहून सरळ वाजवायची. चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडून, म्हणजे संगीताच्या मास्तरांकडून, लहानपणीच शिकून आलेली. आम्ही गिरगाव-लालबागची पोरं त्याच कागदाच्या कडेला पेन्सिलीने सा रे ग म लिहून घ्यायचो. सिनेमाच्या गाण्यांचीही हीच गत होती. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांच्या मागे ॲरेंजर सेबॅस्टियन डिसोझा होते, ‘रूप तेरा मस्ताना’त जो ॲकॉर्डियन आहे तो केरसी लॉर्ड यांचा, ढोलकवरचा एक ठेका आजही वादक ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच मागतात, आणि आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला तो खरखरीत रेसो-रेसो, म्हणजे घासून वाजवायचं वाद्य, अमृतराव काटकरांचा. यातलं एकही नाव त्या गाण्यांच्या तबकडीवर वादक किंवा ॲरेंजर म्हणून सहसा सापडणार नाही. वादकाचं नाव खुद्द गाण्यात आलं, असं मला एकच आठवतं. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालजींनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं, अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घेतलं. तिथेही पब्लिकला वाटलं ते अमिताभचं नाव आहे.

नाव न छापणं ही काही जगाची रीत नव्हे, हे तुमच्याच धंद्याने एकदा मान्य केलेलं आहे. 1949 मध्ये ‘महल’ आला तेव्हा ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी म्हणजे सिनेमातलं पात्र. रेडिओवर लोकांनी विचारणा केली, मग लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. गायकांनी पुढे भांडून नाव मिळवलं, रॉयल्टी मिळवली, 2013 मध्ये स्वतःची नोंदणीकृत संस्थाही उभी केली. आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशीची शिफ्ट जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोलू. मेसेंजर रेकॉर्डिंगचा निरोप घेऊन यायचा, त्याच्या यादीतून नाव गळलं की महिनाभर घरी.

आता गाऱ्हाणी.

पहिलं नावाचं, ते वर सांगितलं. त्यात एवढीच भर घालतो की कॅसेटच्या कागदावर जागा नव्हती हे कारण तेव्हा मला पटायचं. ती इनलेची चिटोरी केवढी, त्यात देवाचा फोटो, आठ गाणी आणि गायकाचा चेहरा. आज ॲपवर जागेला काय तोटा आहे? ए. आर. रहमान यांच्या सीडींवर वादकांची नावं यायला लागली, आणि बासरी नवीनकुमार, बेस कीथ पीटर्स हे साध्या ऐकणाऱ्यालाही माहीत झालं. त्यामुळे कुणाचं दिवाळं निघालं नाही.

दुसरं गाऱ्हाणं पैशाचं. 1989 च्या त्या दिवशी मला 200 रुपये मिळाले. एका व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही केली. तेवढाच आमच्यातला करार. त्यात कॅसेट लिहिलेलं होतं की नाही तेही आठवत नाही, पण कराओके नव्हतं, रिंगटोन नव्हती, रील नव्हतं, स्ट्रीमिंग नव्हतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टी जन्मायच्या होत्या. त्या कागदाची प्रत आम्हाला कधी दिली गेली नाही. ध्वनिमुद्रणावरचा तुमचा हक्क 60 वर्षांचा, म्हणजे त्या कॅसेटपुरता 2049 च्या डिसेंबरअखेरपर्यंत. तेव्हा मी असलो तर नव्वदीचा असेन.

तिसरं गाऱ्हाणं जरा चमत्कारिक आहे. पूर्वी गाण्यातून आवाज वेगळा करायचा तर मल्टिट्रॅक टेप, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं नोंदलेली टेप, हातात असावी लागायची. आता सॉफ्टवेअर साध्या दोन ट्रॅकच्या गाण्यातून गळा, ड्रम, बेस आणि बाकी वाद्यं असे चार भाग वेगळे करून देतं. ऐकायला गंमत वाटते. माझा बेस आयुष्यात पहिल्यांदा मी एकटा ऐकला तो असाच, भाच्याने काढून दाखवला. पण त्याच तंत्राने आमचं पोट गेलं ते कुणी मोजलं का? लग्नाच्या हळदीला, मंडळाच्या पूजेला, नवरात्रात ऑर्केस्ट्राला सुपाऱ्या असायच्या. आता गायक पेनड्राइव्ह घेऊन येतो. कुठे कुठे तर स्टेजवर चार मुलं वाद्यं गळ्यात अडकवून नुसती हलत असतात, आवाज ट्रॅकचा. तो ट्रॅक आमचा! आमच्या वाजवण्यानेच आमची सुपारी गेली, आणि त्या ट्रॅकचे पैसे तुमच्याकडे गेले.

यंत्राशी माझं वैर नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारा कुरकुरतोय म्हणून पत्र बाजूला टाकाल. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ड्रम मशीन आली तेव्हा बारा वादकांच्या जागी पाच झाले, मग दोन, मग एक. ज्याला जमलं तो त्यात शिरला. भाचा घरच्या घरी अख्खं गाणं प्रोग्रॅम करतो आणि चांगलं करतो. त्याची तक्रार वेगळीच आहे. तो मला सांगतो, मामा, कंपनीवाले म्हणतात, बेसमध्ये फार जीव ओतू नकोस, मोबाइलवर ऐकू येत नाही. खरंय ते. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार 41 हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढं खालचं काही बाहेर पडत नाही. म्हणून तो बेसला मुद्दाम खरखर लावतो, की निदान वरचे स्वर तरी पोचावेत. सुरुवातीचा म्युझिक पीस कापायला सांगतात, कारण स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं तरच स्ट्रीम मोजलं जातं आणि तेवढ्यात माणूस पळता कामा नये. दोन अंतऱ्यांच्या मधला तुकडा तर गेलाच. त्या तुकड्यात बासरी यायची, व्हायोलिनं यायची, कधी शहनाई. गाणाऱ्याला दम घ्यायला जागा आणि वादकाला बोलायला. आता रीलला 15 सेकंदांची हुकलाइन पुरते. हा धंद्याचा निर्णय झाला, तो तुमचा अधिकार. मी त्याच्यावर मागणी करत नाही, फक्त वाईट वाटतं एवढं सांगतो.

चौथं: जुन्या गाण्यांच्या या सुट्या केलेल्या वाद्यांवर आता एआयला शिकवण्याची भाषा कानावर येते. ढोलकीचा तो बाज, ती मात्रेची ओढ यंत्राने शिकून उद्या ‘कोळीगीत स्टाइल’ म्हणून मिनिटात तयार करून दिलं, तर मूळ बाज ज्याचा त्याला विचारायचं की नाही?

तुमचे वकील काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण मी एका वकिलाकडे जाऊन आलो. त्यांनी फी घेतली नाही, चहा दिला आणि कायदा समजावला. कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या आहे, तिच्यात अभिनेता, गायक, नर्तक यांच्याबरोबर ‘म्युझिशियन’ हा शब्द सरळ लिहिलेला आहे. डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहेत, आम्ही त्यांच्याच पंगतीत, आनंद आहे. पण हा हक्क कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आला आणि 1995 मध्ये लागू झाला. 1989 चं गाणं त्याच्या आधीचं. तेव्हा कोर्टात माझी बाजू लंगडी पडेल, हे मी मान्य करतो. पण तुमच्या कपाटात 1995 नंतरचीही शेकडो ध्वनिमुद्रणं आहेत, त्यातल्या काहींवर मी आहे. वकिलांच्या मते त्यांना कलम 38 लागू आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने आलेलं 38-ए आणि 38-बीसुद्धा. 38-ए म्हणतं, सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलाकार रॉयल्टीला पात्र आहे. 38-बी म्हणतं, आपल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून आपली ओळख सांगितली जावी असा दावा तो करू शकतो; वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तेवढा अपवाद. रेडिओवर बारा नावं वाचता येत नाहीत, कबूल. ॲपच्या पडद्यावर काय अडचण आहे?

आणि हे अशक्यही नाही. अमेरिकेत इंटरनेट रेडिओवरच्या रॉयल्टीतले अडीच टक्के कायद्यानेच मुख्य कलाकार नसलेल्या वादकांसाठी बाजूला काढले जातात. युरोपीय संघाने 2011 मध्ये ध्वनिमुद्रणांची मुदत 50 वरून 70 वर्षांवर नेली तेव्हा कंपन्यांना अट घातली, की या जादा वर्षांतल्या उत्पन्नाचा 20 टक्के भाग, एकरकमी मानधन घेऊन हक्क सोडलेल्या वादकांना द्यायचा. एकरकमी मानधन घेऊन हक्क सोडलेले, म्हणजे व्हाउचरवर सही करणारे आम्हीच की, फक्त तिकडचे.

तेव्हा मागण्या अशा.

कराओके, इन्स्ट्रुमेंटल किंवा सुटी वाद्यं म्हणून जे काही विकता, त्यावर वादकांची आणि ॲरेंजरची नावं वाद्यासकट लिहा. इथून सुरुवात करा, कारण इथे दुसरं कुणी ऐकूच येत नाही. मग बाकीच्या गाण्यांकडे वळा. नाव सापडत नसेल तिथे ‘वादकांची नोंद उपलब्ध नाही’ असं लिहा; कोरं ठेवू नका.

1995 नंतरच्या ध्वनिमुद्रणांवर कायद्याप्रमाणे वादकांचा वाटा किती धरता आणि कुणाकडे जमा करता, ते जाहीर करा. काहीच धरत नसाल तर तसं सांगा. त्याआधीच्या गाण्यांसाठी मी हक्क मागत नाही. पण केवळ वादकांच्या वाजवण्यावर विकल्या जाणाऱ्या कराओकेच्या उत्पन्नातून काही टक्के हयात वादकांच्या आणि गेलेल्यांच्या घरच्यांच्या नावे काढा. आकडा तुम्ही सुचवा, आम्ही बसून बोलू.

जुनी व्हाउचरं आणि रेकॉर्डिंगच्या नोंदी जाळू किंवा रद्दीत देऊ नका. तुमच्यापैकी एकाचं ऑफिस हललं तेव्हा कागदांची पोती रद्दीवाल्याकडे गेली असं मी ऐकलं. ते खरं नसावं अशी आशा करतो. ज्याची सही आहे त्याला त्याच्या कागदाची प्रत मिळाली पाहिजे.

एआयच्या कामाला आमचं वाजवणं देण्याआधी लेखी विचारा. नाही म्हटलं तर नाही.

नावं कुठून आणायची, हा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचीही सोय आहे. 1984 पासून 2001 पर्यंत मी एक वही ठेवली होती, खरं म्हणजे येणे-बाकीची. तारीख, स्टुडिओ, कुठली कॅसेट, किती मिळाले, किती राहिले. शेजारी त्या दिवशी कोण कोण वाजवायला होतं तेही लिहायचो, कारण टॅक्सीचे पैसे वाटून घ्यायचे असत. अशा वह्या माझ्यासारख्या आणखी दोघा-तिघांकडे आहेत, मी विचारून ठेवलंय. मे 1989 च्या त्या पानावर बारा नावं आहेत. त्यातले पाच हयात आहेत. ढोलकीवाले मामा 2003 मध्ये गेले. त्यांचा मुलगा बेस्टमध्ये कंडक्टर होता, त्याच्याकडे ती ढोलकी अजून आहे. ॲकॉर्डियनवाला म्हापशाला परत गेला, फोनवर असतो. कराओकेचं सांगितलं तर त्याने आधी विचारलं, “फुस्स ऐकू येतं?”

वही मी कुणाला नेऊ देणार नाही. पण तुमच्या माणसाने यावं, प्रत्येक पानाचा फोटो काढून न्यावा. दुपारी चारनंतर मी घरी असतो. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही.

आपला,
एक बेस गिटारवादक, गिरगाव

ता. क. : कॅसेटच्या त्या सगळ्या गाण्यांचं ‘रिमास्टर’ येणार असल्याचं भाचा सांगत होता. दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी अर्धी मात्रा आधी आलेला बेस कृपा करून सरळ करू नका.